आईची वाकळ आणि बाजारातले जुनेर

आई गेली त्याला मागच्या पावसाळ्यात वर्ष झाले. तिची पत्र्याची ट्रंक तोवर कोणी उघडली नव्हती. उघडली तेव्हा वर बाबासाहेबांची जुनी तसबीर, रेशनकार्डाची झेरॉक्स, वडिलांच्या पगाराची दोनचार रिकामी पाकिटे आणि त्याखाली घडी घातलेली अर्धी वाकळ निघाली. अर्धी म्हणजे खरोखरच अर्धी. खालचे कापड पुरे, आतली भर पुरी, वरचे कापड मात्र डाव्या अर्ध्या भागालाच लागलेले. शेवटच्या टाक्याशी सुई तशीच टोचून ठेवलेली होती आणि तिच्यात वीतभर दोराही होता.

शहरात आपण गोधडी म्हणतो. आई करमाळ्याकडची, ती वाकळच म्हणायची. आमच्या घरी आजवर पांघरली गेलेली प्रत्येक वाकळ तिच्या हातची. या शेवटच्या वाकळेचे करायचे काय, हा प्रश्न वरवर पाहता लहान आहे. पण त्याने आमच्या घरात तीन आठवडे वाद घातला. तो वाद आमच्या एकट्याच्या घरचा नाही, म्हणून वाचकांपुढे मांडतो.

पत्नीचे म्हणणे सरळ होते. मशीनवर गोधड्या शिवून देणारे पुष्कळ आहेत, पैसे द्यावेत आणि एका दिवसात मोकळे व्हावे. धाकट्या मुलीला ते पटेना. आजीचे टाके आहेत त्याच्या शेजारी मशीनची टीप कशी मारायची, असे तिचे म्हणणे. शेवटी मावशीला बोलावणे पाठवले. मावशी आईहून दोन वर्षांनी धाकटी, पंचाहत्तरी उलटलेली, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवते. तिने वाकळ जमिनीवर पसरली, हात फिरवला आणि म्हणाली, "भर चांगली हाय. तुझ्या बापाच्या प्यांटी हायत आत. वरचं कापड आणा, मी शिवून देते. पण आधी तुम्ही शिका, मग मी हात लावीन."

कापड हीच अडचण होती. उजव्या अर्ध्या भागासाठी आईने आपल्याच लुगड्याचा तुकडा राखून ठेवला होता, तो उंदरांनी कुरतडला होता. तिची बाकीची दोन धड लुगडी तिच्या माघारी आम्हीच घाईघाईने देऊन टाकली होती. घरात दुसरे सुती लुगडे नाही. पत्नीच्या साड्या सगळ्या सिंथेटिक. त्यांतून सुई नीट जात नाही, कापड सरकते, उन्हाळ्यात अंगाला चिकटते आणि थंडीत ऊब धरत नाही. नवे नऊवारी घ्यावे तर ते खळीने ताठ. वाकळेला लागते ते जुनेर. पाचपन्नास धुण्यांनी सुताचा ताठा गेलेले, पण अजून वीण धरून असलेले कापड.

मुलगी म्हणाली, "मग जुन्या बाजारात बघू या. मी मैत्रिणींबरोबर जाते तिथे." आणि आपल्या अंगातले जाकीट दाखवून म्हणाली, "हे तिथलंच आहे."

मावशीच्या हातातली सुई थांबली. "दुसऱ्याचं उतरलेलं? या घरात?"

ही गोष्ट आम्ही आईकडून अर्धीमुर्धी ऐकली होती, त्या दिवशी पुरी ऐकली. १९५५ चा सुमार, आई सातआठ वर्षांची. आजीला वाड्यावरच्या कामाच्या मोबदल्यात जुने कपडे मिळत. मिळत म्हणजे ओट्यावरून खाली टाकत आणि आजी पदर पसरून झेलायची. त्यातलेच एक हिरवे परकर-पोलके घालून आई शाळेत गेली. वाड्यावरच्या मुलीने सगळ्या वर्गासमोर ते ओळखले. "माझं पोलकं हाय ते." एवढेच ती म्हणाली. त्यात वाईट असे काही बोलली नाही. आई घरी आली ती पोलके चुलीत घालायला निघाली. आजीने तिचा हात धरला, कारण दुसरे नव्हते. त्या पोलक्यात आईने आणखी वर्ष काढले. पुढे १९५६ चे धर्मांतर झाले, आजोबांनी गावकीची कामे सोडली आणि वाड्यावरचे कपडे घरात येणे बंद झाले. मढ्यावरचे कापड हाही आपला गावचा 'हक्क' समजला जाई, तोही सुटला.

आईने तो नियम आयुष्यभर पाळला. ती एका खाजगी दवाखान्यात आया होती. तिथल्या बाईंनी एका दिवाळीला चांगली, दोनदाच नेसलेली साडी पुढे केली. आई म्हणाली, "बाई, पगारात पाच रुपये वाढवा, साडी मी घेईन." साडीही मिळाली नाही आणि पाच रुपयेही वाढले नाहीत. पण ही गोष्ट सांगताना आई हसायची.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, असा नियमच घातला आहे. म्हणजे कोणाच्या अंगावर कोणते कापड असावे हे गरिबीने नव्हे, तर पुस्तकाने ठरवले होते. त्या पुस्तकाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. लुगडे नेसण्याची आणि दागिने घालण्याची जी तऱ्हा अस्पृश्यता ओळखू आणते ती सोडून द्या, असे त्यांना सांगितले. होळीची आठवण आपण दरवर्षी काढतो, लुगड्याची फारशी काढत नाही. वास्तविक एकाच कामाची ती दोन अंगे होती.

तेव्हा मावशीचा राग आम्हाला कळत होता. आणि मुलीचा आनंदही कळत होता. तिच्यावर कोणी ओट्यावरून काही टाकलेले नाही. ती बाजारात जाते, ढिगातून निवडते, भाव करते, पैसे देते. उद्या कोणी 'माझे जाकीट' म्हणून ओळखले तर ती हसून 'छान होते हं तुमचे' म्हणेल. हा दोन पिढ्यांतला फरक आहे. आईच्या नकारानेच तो पडला आहे, हे मात्र तिला सांगायला हवे होते. आम्ही ते सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग रविवारी जायचं ना?"

गेलो. पुण्यात मंगळवार पेठेच्या अंगाला बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरत आला आहे. जुने नळ, पाने, घड्याळे, बूट, पितळी तांबे यांच्यामधून वाट काढत कपड्यांच्या ढिगांपर्यंत जावे लागते. खरे सांगायचे तर आम्ही गेलो होतो कर्तव्य म्हणून आणि अर्ध्या तासात रमलो. कारकुनी करणाऱ्या माणसाला सगळ्या वस्तू नोंदवहीतल्या क्रमाने पाहायची सवय असते. इथे कशाला क्रम नाही. एका डब्यात नुसती बटणे होती, शिंपल्याची, काचेची, पितळेची. मूठभर बटणे दहा रुपयांना घेतली. त्याच डब्याच्या तळाशी पितळी अंगुस्तान सापडले, ते बाईने वरकड म्हणून दिले.

हे कपडे येतात कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या बोहारणी आपल्या परिचयाच्या आहेत. दोन साड्या आणि एक प्यांट देऊन पातेले घेणारी आई-मावशी प्रत्येकाच्या घरात असेल. गोळा केलेल्या कपड्यांची या बाया रात्री निवड करतात. धड कपडे धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकायला जातात. फाटके सुती कापड यंत्रे पुसायला कारखान्यात जाते. लोकरीच्या चिंध्यांची तर वेगळीच तऱ्हा. पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ आठवते, पण त्या गावात आज जुन्या लोकरी कपड्यांचा चुरा करून पुन्हा सूत काढण्याचा मोठा धंदा आहे. परदेशातले टाकून दिलेले स्वेटर आणि कोट तिथे येतात, त्यांची ब्लँकेटे होतात आणि भूकंप-पुरात वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे पुष्कळदा तिथलीच असतात.

पुराचे निघाले म्हणून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा आमच्या वस्तीतली मुले घेऊन आम्ही मदतीच्या कपड्यांची निवड करायला गेलो होतो. पोत्यांतून काय काय निघाले! एका पायाचे मोजे, चेन तुटलेल्या प्यांटी, न धुतलेली अंतर्वस्त्रे. रांगेतल्या एका म्हातारीने हातातली साडी उलगडून पाहिली, फाटका भाग वर करून आम्हाला दाखवला आणि घडी घालून परत ठेवली. एक शब्द बोलली नाही. जुने कापड देण्यात वाईट काही नाही, पण देणाऱ्याने ते एकदा स्वतःच्या अंगावर धरून पाहावे. आम्ही त्या दिवशी निम्मी पोती बाजूला काढली.

बाजारात पहिल्यांदा आम्ही फसलो. निळ्या चौकड्याचे पातळ साठ रुपयांना सुती म्हणून घेतले. चहाच्या टपरीवर मुलीने त्याचा एक धागा काढून काडीने पेटवला. त्याचा वितळून कडक मणी झाला. सुती धागा पेटला की कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी करडी राख राहते. मणी झाला की त्यात टेरिलीन आहे असे समजावे. बी. कॉम. झालेल्या बापाचे साठ रुपये बुडाले आणि कन्येने ज्ञान दिले. (त्या पातळाच्या तिने पुढे बाजाराच्या दोन पिशव्या शिवल्या, तेव्हा नुकसान खाते बंद केले.)

भगिनींनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. कापड उजेडाकडे धरावे, जिथे जाळी दिसेल तिथे सूत संपले आहे असे समजावे. आणि दोन्ही अंगठ्यांनी आडवे-उभे ताणून पाहावे. बसण्याच्या जागी आणि गुडघ्यापाशी लुगडे आधी विरते, काठाजवळ शेवटपर्यंत टिकते. विरलेला भाग फेकायचा नसतो, तो आत भरीला जातो. रंग सुटतो की नाही हे पाहायला ओला पांढरा रुमाल दाबून पाहावा. घरी आणल्यावर कापड सोडा घातलेल्या गरम पाण्यात उकळून दोन दिवस कडक उन्हात वाळवावे.

दुपारच्या सुमाराला हवे ते सापडले. अंजिरी रंगाचे, इरकली काठाचे नऊवारी. पदराला जीर्ण, मधे एक रफू, बाकी साबूत. हात लावला तर लोण्यासारखे मऊ. विकणारी बाई म्हणाली, "दादा, असं लुगडं आता येत नाही. म्हातारी बाई घरातून गेली की घरचे एकदम सगळं काढतात, तेव्हाच येतं."

आमचा हात क्षणभर मागे आला. म्हणजे हे पुन्हा मेलेल्या माणसाचे वस्त्र. मग आठवले की आईची दोन लुगडीही अशीच कुठल्या तरी पाटीतून गेली. ती कुठे असतील कोण जाणे. एकशे ऐंशी रुपये मोजले आणि लुगडे घेतले.

घरी मावशी लुगड्याकडे पाहीना. तेव्हा आम्ही तिला विनयपिटकातली गोष्ट सांगितली. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला ते रुचले नाही. इतक्या वस्त्रांचे हा भिक्खू काय करणार, दुकान मांडणार काय? त्याने आनंदांना विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवर अंथरायला घेऊ. ती अंथरूणे फाटली की? त्यांची पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकी फाटली की त्यांचे बारीक तुकडे करून चिखलात कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. पूर्वी भिक्खू धुळीत, उकिरड्यावर पडलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून चीवर शिवत. मगधातल्या भाताच्या खाचरांसारखे ते तुकडे जोडावेत असे तथागतांनी आनंदांना सुचवले, असेही विनयात आहे. म्हणजे चीवर हीही एका अर्थी ठिगळांची वाकळच.

मावशीने सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "आनंदाला राजाच्या राण्यांनी हात जोडून दिलं. आम्हाला वरनं टाकलं. तुझी गोष्ट चांगली हाय, पण ती आमची न्हाई."

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "हे कुणी दिलं?"

"दिलं नाही. विकत घेतलं. एकशे ऐंशीला."

"एकशे ऐंशी?" मावशीने लुगडे हातात घेतले, उजेडाकडे धरले, रफूवर नख फिरवले. "फसवलं तुला. शंभराच्या वर द्यायचं नव्हतं."

पण मग ते तिने खाली ठेवले नाही.

नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट कापड. उजव्या भागाला सहा फुटांचा एक तुकडा पुरे झाला. कडेच्या पट्ट्यांसाठी इरकली काठ उसवून घेतला. मावशीने वाकळ फरशीवर ताणून पसरायला लावली, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, पाटा आणि आमची जाड हिशेबवही ठेवली. आधी वीतवीत अंतरावर कच्चे टाके घालून सगळे थर जागच्या जागी बांधले. मग कडेपासून धावदोरा सुरू करून आत आत यायचे. दोन ओळींत बोटाचे अंतर. दोरा हातापेक्षा लांब घ्यायचा नाही, गुंततो. पत्नी, मुलगी आणि आम्ही तिघे तीन बाजूंनी बसलो. पहिल्या संध्याकाळी आमच्या बोटाला सात वेळा सुई टोचली, मग अंगुस्तानाची किंमत कळली. वडिलांच्या खाकी प्यांटींच्या शिवणीवर सुई अडायची. तिथे ती दाबायची नाही, थोडी तिरकी करायची, हे मावशीने हात धरून दाखवले.

कारवारकडे हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज त्यांच्यात आहेत. त्यांच्या बायाही जुन्या कपड्यांच्या वाकळा अशाच कडेकडून आत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी 'फुला' लावल्याशिवाय वाकळ पुरी झाली असे मानत नाहीत.

खाकी कापडावरून एका अमेरिकन वाकळेची आठवण झाली. तिचे चित्र आम्ही एका पुस्तकात पाहिले होते. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. तिथले बहुतेक लोक कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज. मळेवाल्याचे पेट्वे हे आडनाव आजही त्यांच्यातल्या अनेकांना आहे. तिथल्या बाया शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या वाकळा शिवत. मिझुरी पेट्वे नावाच्या बाईचा नवरा वारला तेव्हा तिने १९४२ मध्ये त्याच्या कामाच्या कपड्यांची वाकळ केली. त्याची आठवण पांघरून झोपता यावे म्हणून. हे लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडे जाऊ लागले तेव्हा, १९६२ मध्ये, तिथली फेरीबोट बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. मधल्या काळात, १९६६ मध्ये, त्या भागातल्या बायांनी वाकळा विकण्यासाठी सहकारी संस्था काढली आणि २००२ मध्ये त्यांच्या वाकळा ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या. मुलीने विचारले, आजीची वाकळ कुणी भिंतीवर लावेल का? मावशी म्हणाली, भिंतीला थंडी वाजती का?

सतरा संध्याकाळी लागल्या. आईचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे. आमचे कुठे गव्हाएवढे, कुठे शेंगदाण्याएवढे. पत्नी म्हणाली, आपली एक ओळ उसवून पुन्हा घालू. मावशीने नको म्हटले. आईच्या सुईत जो दोरा उरला होता तो मुलीने काढू दिला नाही. त्याच दोऱ्याने पुढचे चार टाके घातले, तो संपला तेव्हा गाठ मारून आपला दोरा जोडला.

शेवटच्या दिवशी शिवता शिवता आम्ही मावशीला बाजारातली ती गोष्ट सांगितली, लुगडे बहुतेक वारलेल्या बाईचे आहे म्हणून. इतके दिवस सांगायचा धीर झाला नव्हता. मावशीने मान वर केली नाही. "तुझा बाप हाय आत, तुझी आई हाय वर," ती म्हणाली, "त्यात आनखी एक बाई. जागा हाय."

रात्री दहाच्या सुमाराला चौथा कोपरा दुमडून झाला. पांघरूण कोणाकडे जायचे हे विचारावेच लागले नाही, मुलगी ती खांद्यावर टाकून आत गेली. उरलेले लुगडे वीसेक फूट होते. सकाळी मावशीची पिशवी एस.टी.त चढवताना जड लागली म्हणून पाहिले, तर ते घडी करून तळाशी ठेवलेले होते. वर बटणांची पुडीही होती.